गाण्याच्या क्लासमधून फोन

त्यांना सगळे एक्स्चेंजबाई म्हणतात. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्यांनी बावीस वर्षं काढली. आठशे चाळीस नंबर त्यांना तोंडपाठ होते. कोणता साहेब कोणाचा फोन घेईल आणि कोणाला ‘मीटिंगमध्ये आहेत’ म्हणून वाटेला लावायला सांगेल, हेही पाठ होतं. मग कारखान्यात यंत्र आलं, ‘अमुकसाठी एक दाबा’ म्हणणारा आवाज आला, आणि बाई घरी आल्या. घरी आल्यावर चार महिने त्या जवळजवळ बोलल्याच नाहीत. कोणावर राग नव्हता, कसला रुसवा नव्हता. बोलायला तोंड उघडलं की नको वाटायचं, एवढंच. शेवटी मुलीनं त्यांना दंडाला धरून या केंद्रात आणलं.

केंद्र म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर अडीच खोल्या. दारावर छोटी पाटी आहे, ‘व्यक्ती आणि कुटुंबांसाठी सल्ला. फी जमेल तशी.’ बाईंना तेव्हा पैशाचं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून फीच्या बदल्यात दर सोमवारी काउंटरवर बसायचं ठरलं. पहिल्याच सोमवारी फोन वाजला, बाईंनी उचलला आणि ‘नमस्कार, बोला’ म्हणाल्या. केंद्रातल्या समुपदेशक, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्या अजून सांगतात की या बाईंचा अर्धा इलाज मी केला आणि अर्धा त्या काळ्या फोननं. त्याला सहा वर्षं झाली. सोमवारचे आठवड्याचे सहा दिवस झाले आणि फीच्या जागी पगार सुरू झाला.

काउंटरच्या मागे पत्र्याचं कपाट आहे, त्यात कार्डं. येणाऱ्या प्रत्येकाचं एक कार्ड. आत खोलीत कोण काय बोललं ते त्यावर नसतं, ते मॅडमकडे. कार्डावर नंबर, वेळ, आणि उजव्या कोपऱ्यात एक ओळ असते. आपला फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं, ते येणारा माणूस स्वतः ठरवतो आणि तिथे लिहून देतो. कोणी लिहितं, ‘वाचनालय, पुस्तक आलंय.’ कोणी लिहितं, ‘शिंपी, कपडे तयार.’ एका आजोबांनी लिहिलं होतं, ‘काहीही सांगा, घरात माझा फोन कोणी उचलत नाही.’ इथे कोण येतं, हे कोणालाही सांगायचं नाही. नवऱ्याला बायकोचं नाही, बायकोला नवऱ्याचं नाही. पत्ता विचारला तर मात्र पत्ता द्यायचा आणि कशाला हवाय ते विचारायचं नाही.

आठवणीचे फोन बुधवारी सकाळी दहाला सुरू होत. बाई ते कार्ड न बघता करत. नंबर पाठ, वेळ पाठ, कोपऱ्यातली ओळही पाठ. मॅडमनी दोनदा सुचवून पाहिलं होतं, “कार्ड समोर ठेवत जा हो.” बाईंनी दोन्ही वेळा हसून सोडून दिलं होतं. आठशे चाळीस नंबर सांभाळलेल्या बाईला साठ कार्डं म्हणजे काय!

त्या बुधवारी सहावा फोन बसड्रायव्हरचा होता. सव्वापाचची वेळ. त्यांच्या कार्डावर मॅडमनी मागच्या आठवड्यात लाल रेघ ओढली होती. लाल रेघ म्हणजे हा माणूस एकदाही चुकता कामा नये, आणि आला नाही तर त्याच संध्याकाळी त्याला गाठायचं. रेघ का ओढली, ते बाईंना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

“हॅलो,” तिकडून दुसऱ्याच कोणा बाईचा आवाज आला.

“गाण्याच्या क्लासमधून बोलतेय,” एक्स्चेंजबाई म्हणाल्या. “आज सव्वापाचची वेळ आहे, तेवढी आठवण द्या त्यांना.”

तिकडे हसू. “गाण्याचा? कोण, आमचे हे? अहो, ह्यांना वाढदिवसाचं गाणं धड म्हणता येत नाही. नंबर चुकलाय का?”

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. गाण्याचा क्लास एका शिक्षिकेच्या कार्डावर होता, पाचव्या फोनच्या. ड्रायव्हरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘दातांचा दवाखाना.’

“चुकला असेल,” त्या म्हणाल्या.

“चुकला कसा? हे आज मोबाईल चार्जिंगला लावून विसरून गेलेत. नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण वेळ बरोबर जुळते, सव्वापाच. ह्यांची ड्यूटी साडेचारला सुटते आणि बुधवारी हे सातला घरी येतात. ट्रॅफिक होता म्हणतात.” हसू गेलं होतं. “तुम्हीच शिकवता का? आवाज गोड आहे तुमचा.”

फोन बंद झाला.

बाईंनी कपाट उघडून कार्ड काढलं, बघितलं, परत ठेवलं. बघून काही बदलणार नव्हतं. ड्रायव्हरला कळवायचं तर त्यांचा मोबाईल घरी, बायकोच्या हातात. डेपोत फोन करायचा तर डेपोतल्या कोणालाही इथलं कळू नये, असं ड्रायव्हरनी पहिल्याच दिवशी तीनदा बजावलेलं. स्टेअरिंगवरून उतरवतील, म्हणाले होते.

साडेबाराला फोन वाजला, पट्टीवर तोच नंबर. बाईंनी ‘नमस्कार, बोला’ म्हणायच्या आधी श्वास घेतला.

“क्लासचा पत्ता सांगता का?”

आवाज तोच. नाही म्हणायचं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं, आणि तेवढ्यानंच सगळं उघड झालं असतं. बाईंनी पत्ता दिला. चष्म्याचं दुकान, बाजूचा जिना, पहिला मजला.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी जिन्यात खोकल्याचा आवाज आला आणि ती आली. पस्तिशीची, बांधेसूद, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत इस्त्रीच्या चटक्यांचे जुने पांढरे डाग. हॉटेलच्या लाँड्रीत ती चादरी इस्त्री करते, हे तिनंच पुढे सांगितलं. वाफेनं छाती धरते आणि दिवसभर खोकला येतो. दारावरची पाटी तिनं वाचली, मागे जाऊन पुन्हा वाचली. मग आत आली आणि कोपऱ्यातल्या रेडिओकडे बघितलं. आतल्या खोलीतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून तो हळू आवाजात लावलेला असतो.

“हा तुमचा गाण्याचा क्लास?”

“बसा,” बाई म्हणाल्या. “पाणी देऊ?”

“पाणी प्यायला नाही आले. सकाळी फोन तुम्हीच केलात ना? आवाज तुमचाच आहे. आमचे हे येतात इथे?”

“इथे कोण येतं ते मी सांगत नाही. कोणाचंच नाही.”

“म्हणजे येतात.”

“म्हणजे मी सांगत नाही.”

“वा! म्हणजे कळलंच.” ती खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. “मला येडी समजू नका मावशी. ही पाटी मला कळते. आमच्या लाँड्रीतली एक जण असल्याच ठिकाणी यायची नवऱ्याबरोबर. सहा महिने समजावलं त्यांना आणि सातव्या महिन्यात दोघं वेगळे झाले. एवढंच सांगा, हे मला सोडायला निघालेत का? हो की नाही. एक शब्द.”

बाईंना उत्तर माहीत नव्हतं, पण अंदाज होता. सोडायला निघालेला माणूस जिना असा चढत नाही. ड्रायव्हर चढत तेव्हा दर तीन पायऱ्यांनी थांबत. पण एक शब्द दिला की दुसरा द्यावा लागतो. घड्याळात पावणेपाच होत होते. आत मॅडमसमोर एक कुटुंब बसलेलं होतं, ते पाच वाजून दहा मिनिटांनी सुटणार. ते दार मधेच ठोठावायचं नाही, इमारतीला आग लागली तरच.

“तुमच्यासाठी विचारते,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कोणाशी बोलायचंय का? इथे जो वर येतो त्याला मी हे विचारते.” त्यांनी एक कागद पुढे केला. सहा वर्षांची सवय होती ती. बसणाऱ्याच्या हातात कागद द्यायचा.

“मला काय धाड भरलीय?”

“काही नसेल तर कोरा ठेवा.”

कागदावर तीनच प्रश्न होते. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? त्रास कधीपासून आहे? काय बदललं तर बरं वाटेल? ड्रायव्हरच्या बायकोनं तो वाचला आणि पेन मागितलं. पेन हातात घेऊन लिहिण्याऐवजी बोलायलाच लागली.

“दोन महिने झाले. ह्यांच्या बसमधून एक म्हातारे उतरत होते. पडले, तिसऱ्या दिवशी गेले. ह्यांची काही चूक नव्हती. कंडक्टरनं घंटा दिली, ह्यांनी गाडी सोडली. चौकशी बसली तेव्हा हे दगडासारखे गप्प. मग मीच उठले. त्या रस्त्यावर दारोदार फिरले, चौदा माणसांच्या सह्या आणल्या. डेपोच्या साहेबाला तोंडावर सांगितलं, माझ्या नवऱ्यानं सतरा वर्षांत मांजर नाही चिरडलं. सुटले हे. पाच आठवडे झाले, परत गाडीवर आहेत. आणि आता जेवताना मधेच घास हातात धरून मान वळवतात आणि मागे बघतात. मागे भिंत आहे हो आमच्या घरात! काय बघता म्हटलं तर म्हणतात काही नाही. मुलीला स्कूटरवर मागे बसवत नाहीत. एवढ्यात तुमचा फोन. गाण्याचा क्लास! मी म्हटलं, संपलं. कोणीतरी मिळाली ह्यांना.”

तिनं कागदावर पहिल्या प्रश्नापुढे आपलं नाव लिहिलं. बाईंनी ते बघितलं. कागदावर नाव पडलं की कार्ड झालं, आणि कार्ड झालं की नियम तिलाही लागू. आता ती इथे बसलीय, हे तिच्या नवऱ्यालाही सांगता येणार नव्हतं. सकाळची चूक निस्तरायला घेतली आणि बाईंनी स्वतःच स्वतःचे दोन्ही हात बांधून घेतले.

पाच वाजता कपाटाला कुलूप लावून किल्ली त्यांनी खिशात टाकली. “दोन मिनिटांत आले,” म्हणाल्या.

“कुठे निघालात?”

“खाली.”

“ह्यांना सांगायला?”

बाई बाहेर पडल्या. जिन्याच्या वळणावर थांबल्या. ड्रायव्हर सव्वापाचचे असले तरी पाचला खाली येऊन घुटमळतात, हे त्यांना माहीत होतं. आले. खाकी शर्ट, बगलेत डबा. तीन पायऱ्या चढून थांबले आणि वर बघितलं.

“ताई? तुम्ही जिन्यात?”

“माझ्याकडून चूक झालीय. ती सांगायला आले. सकाळी तुमचा मोबाईल तुम्ही उचलला नाहीत.”

“घरी राहिला.” मग एकदम, “कोणी उचलला?”

“दातांचा दवाखाना सांगायचं होतं. मी गाण्याचा क्लास म्हणाले.”

“गाण्याचा?” त्यांच्या तोंडावर हसू येता येता थांबलं. “कोणाला म्हणालात?”

“ज्यांनी उचलला त्यांना.”

वरून खोकला ऐकू आला. लांबलेला, मधे दम घेऊन पुन्हा सुरू झालेला. ड्रायव्हरनी डबा दुसऱ्या बगलेत घेतला.

“ती वर आहे.”

“वर कोण आहे, कोण नाही, ते मी सांगत नाही.”

“सांगायला कशाला पाहिजे? तो खोकला मी अकरा वर्षं ऐकतोय.” ते जिन्यातच खाली बसले. “काय म्हणाली?”

“तुम्ही आत काय बोलता, ते मी कधी कोणाला सांगितलंय?”

“आत काय बोलतो ते तुम्हाला माहीतच नाही.” त्यांचा आवाज खाली गेला. “तिनं सगळ्या जगाला सांगितलं, माझी चूक नव्हती. दारोदार फिरून सांगितलं. आणि मी दर बुधवारी इथे येऊन उलटं सांगतो. आता वर जाऊन तिच्यासमोर कोणतं सांगू?” ते उठले. “जातो मी. पुढच्या बुधवारी येतो.”

एक्स्चेंजवर बाईंनी बावीस वर्षं ‘नंतर करतो’ ऐकलं होतं. म्हणायच्या पद्धतीवरून त्यांना कळायचं, कोण करणार आणि कोण नाही. हा पुढचा बुधवार येणार नव्हता. लाल रेघ त्यांच्या डोळ्यासमोर होती.

“अडवायचा मला हक्क नाही,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे, तुम्ही माझ्यावर चिडा. मॅडमकडे तक्रार करा, मी कागद आणून देते. पण ते वर येऊन करा. तुम्ही आज परत गेलात तर मॅडम संध्याकाळी तुम्हाला फोन करणार, आणि तो फोन कोणाच्या हातात आहे ते तुम्हाला माहीत आहे.”

ड्रायव्हर रस्त्याकडे वळले. तेवढ्यात आतलं कुटुंब सुटलं, आई, बाप आणि दोन मोठ्या मुली असे चौघं एकामागून एक जिना उतरले. त्यांना वाट द्यायला ड्रायव्हर भिंतीला चिकटले. ते गेल्यावर वर चढायला लागले. बाई मुद्दाम मागून चढल्या.

ती दारातच उभी होती, कागद हातात.

“कोण आहे ती?”

“कोण?”

“जिच्याकडे येता ती.”

“आत आहे. साठीची आहे. गुडघे दुखतात तिचे.”

“चेष्टा नको! मला सोडायचंय का तुम्हाला?”

“नाही.”

“मग कशाला येता इथे चोरासारखे?”

बाई काउंटरमागे गेल्या आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. तरी ऐकू आलं.

“आरशात मला काहीतरी हललेलं दिसलं होतं,” ड्रायव्हर म्हणाले. “दारापाशी. घंटा झाली होती. उशीर झाला होता. मी गाडी सोडली.”

“चौकशीत तुम्ही नाही म्हणालात.”

“मी काहीच म्हणालो नाही. तू म्हणालीस.”

तिच्या हातातला कागद चुरगळला. “चौदा माणसं,” ती म्हणाली. “चौदा माणसांच्या पाया पडले मी. हळू बोला. कोणी ऐकलं तर नोकरी जाईल. सगळं परत उकरतील.”

आतलं दार उघडलं. मॅडमनी दोघांकडे बघितलं, मग काउंटरकडे. बाई दोन वाक्यांत म्हणाल्या, “चूक माझी. सकाळी चुकीचं सांगितलं.” मॅडमनी मान हलवली आणि ड्रायव्हरना विचारलं, “एकटे, की दोघं?”

“एकटा,” ते म्हणाले आणि आत गेले.

बायको पुन्हा खुर्चीवर बसली. चाळीस मिनिटं तिनं समोरच्या भिंतीवरून नजर काढली नाही. मग दार उघडलं आणि ड्रायव्हर स्वतः दारात आले. डोळे लाल, आवाज साधा. “अगं, ये.”

“मला नाही ऐकायचं.”

“एकदा ऐक. मग हवं ते कर.”

दार उघडंच होतं. सहाचे लोक येऊन बसले, एक बाप आणि शाळकरी मुलगी, आणि बाप घड्याळ बघायला लागला. ड्रायव्हरची बायको उठली. पदर सारखा केला, पर्स खुर्चीवरच राहिली, आणि आत गेली.

“आम्हाला सहाची वेळ दिली होती,” बाप म्हणाला.

“हो,” बाई म्हणाल्या. “आज थांबावं लागेल.”

त्यानंतर बाईंनी काउंटर सोडायची तयारी दाखवली. मॅडम म्हणाल्या, सोडायचं काही कारण नाही, कार्डं बघून फोन करा. बाई आता कार्ड समोर ठेवतात आणि कोपऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून नंबर फिरवतात. एक तासाचं काम सव्वा तास चालतं.

पुढच्या बुधवारी सव्वापाचच्या सुमाराला जिन्यात दोघांची पावलं वाजली. मध्यावर थांबली. खालच्या आवाजात वाद झाला, त्यातले ‘अर्ज’ आणि ‘मला विचारलंत का’ एवढेच शब्द वर आले. मग एकाचीच पावलं वर आली. ड्रायव्हर काउंटरसमोर उभे राहिले. अंगावर खाकी नव्हतं, घरचा चौकड्यांचा शर्ट होता.

“आता दिवसा कधीही वेळ दिलीत तरी चालेल,” ते म्हणाले. “सोमवारी साहेबांना लिहून दिलं, आरशातलं. चौकशी परत होईल. तोवर हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलंय. छत्र्याच छत्र्या आहेत.”

“आणि त्या?”

“खाली आहे. वर येणार नाही म्हणते. माझ्याशी धड बोलतही नाही.”

“घरी गेल्या?”

“नाही,” ड्रायव्हर म्हणाले. “थांबलीय.”

मॅडमचं दार उघडलं आणि ते आत गेले.